बंद पडलेल्या खदानीत नवशिक्यांचे स्कूबा शिबिर: जागा सुरक्षित आहे हे कसे ठरवावे?

चुलबंदकाठ

नमस्कार मंडळी. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला आहे. गावाच्या शिवेवर गिट्टीची एक जुनी खदान असून काम बंद झाल्यापासून तिच्यात बारमाही पाणी असते. पावसाळा ओसरला की हे पाणी इतके निवळते की टिप्पर उतरण्याच्या जुन्या रस्त्याकडून पाहिले असता पाण्याखालचा खडक दिसतो. शहरातील एका आयोजकाने हिवाळ्यात तेथे नवशिक्यांसाठी स्कूबा डायव्हिंगचे शिबिर घेण्याचे ठरवले असून ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखला मागितला आहे. ‘पाणी स्वच्छ आहे, लाटा नाहीत, प्रवाह नाही, म्हणून ही जागा समुद्रापेक्षा सुरक्षित आहे,’ असे अर्जात लिहिले आहे.

मी पंचायतीचा सदस्य आहे. पोहणे मला येते, पण पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जाण्याबद्दल मला काही कळत नाही, आणि सभेत बसलेल्या इतरांनाही कळत नाही. गावातल्या पोरांना चार पैसे मिळतील म्हणून काही जण हो म्हणत आहेत, तर काही जण नुसत्या भीतीने नाही म्हणत आहेत. माझ्या मते दोन्ही बाजू पाहणी न करताच बोलत आहेत. अशी जागा नवख्यांसाठी योग्य आहे की नाही, हे ठरवताना नेमके काय पाहावे? गावातील काही मुले दिवाळीनंतर तारकर्लीलाही जाणार आहेत, तेव्हा त्याबद्दलही सांगावे.

खोलपाणी

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्याचा, सध्या किनाऱ्यावर स्कूबा प्रशिक्षक म्हणून काम करतो. अर्जातील वाक्य चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. स्वच्छ आणि शांत पाणी डोळ्यांना सुरक्षित वाटते; नवख्या माणसाचा जीव मात्र तळ किती खोल आहे आणि गडबड झाली तर सरळ वर येऊन पाण्याबाहेर कोठून पडता येईल, या दोन गोष्टींवर अवलंबून असतो.

तळाचा प्रश्न आधी घेऊ. सुमारे दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. माणूस खाली जाऊ लागला की अंगावरचा फोमचा सूट आणि तरंग सांभाळण्यासाठी घातलेल्या फुगणाऱ्या जॅकेटमधली हवा दबते, त्यामुळे तो आणखी जड होतो आणि आणखी वेगाने खाली जातो. सरावलेला डायव्हर जॅकेटमध्ये थोडी हवा भरून हे सावरतो, पण नवख्याला बटण कोणते हेच त्या क्षणी आठवत नाही. तळ पाच-सहा मीटरवर असेल तर तो तळावर जाऊन टेकतो आणि प्रशिक्षक त्याला धरतो. तळ वीस मीटरवर असेल तर त्याला थांबवणारे खाली काहीच नसते. पाडीसारख्या (PADI) स्कूबा शिकवणाऱ्या संस्थांच्या पद्धतीत, प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला पहिल्या ओळखीपुरत्या डाइव्हमध्ये १२ मीटरपेक्षा खाली नेत नाहीत, आणि ओपन वॉटर या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रानंतरची मर्यादाही १८ मीटर आहे. म्हणून ‘आम्ही पाच मीटरच जाणार’ हे उत्तर पुरेसे नाही. पाच मीटरवर त्यांच्या पायाखाली काय असेल, हे विचारा.

परदेशात पाण्याने भरलेल्या खदानी प्रशिक्षणासाठी वापरतात, हे खरे आहे. तेथे पाच-सहा मीटरवर लोखंडी मंच टांगलेले असतात, उतरण्या-चढण्यासाठी पायऱ्या असतात आणि वर येण्यासाठी दोऱ्या बांधलेल्या असतात. यांतले तुमच्या आयोजकाने अर्जात काय लिहिले आहे?

खदानीच्या आणखी काही खोड्या आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वरचे पाणी कोमट आणि काही मीटर खालचे एकदम गार असू शकते. त्या थरात शिरताच नवख्याचा श्वास अडखळतो आणि तो घाबरतो. तळाशी दगडाची बारीक भुकटी बसलेली असते. चार जणांनी फ्लिपर हलवले की दोन मिनिटांत स्वतःचा हातही दिसत नाही, आणि प्रवाह नसल्यामुळे ती भुकटी तासन्‌तास तशीच तरंगत राहते. म्हणजे प्रवाह नसणे, जे अर्जात गुण म्हणून लिहिले आहे, त्याचा हा तोटा आहे. शिवाय गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते. सामानासह नव्वद किलोच्या माणसाला समुद्रात खाली जाण्यासाठी वजन म्हणून जेवढे शिसे बांधावे लागते त्यापेक्षा येथे दोन-सव्वादोन किलो कमी पुरते. किनाऱ्यावरचा हिशेब तसाच वापरला तर सगळे शिबिरार्थी गरजेपेक्षा जड होऊन उतरतील.

एक काम तुम्ही स्वतः करू शकता. दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि होडीतून जागोजागी खोली मोजा. दुसऱ्या दोरीला पांढरी ताटली बांधून सोडा आणि ती कोणत्या गाठीला दिसेनाशी होते ते लिहून ठेवा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे.

ढिवरटोली

खोलपाणी यांनी सांगितलेले मोजमाप कराच, पण खरी पाहणी मे महिन्यात होते. आमच्याकडे मामा तलावाचा (जुन्या मालगुजारी तलावाचा) तळ ज्याला माहीत असतो, त्याने तो भर उन्हाळ्यात पायांनी तुडवलेला असतो. तुमच्या खदानीचे पाणी उन्हाळ्यात जितके उतरेल तितके उतरू द्या आणि तेव्हा भिंती व उघडा पडलेला तळ यांचे फोटो काढून ठेवा. कोठे लोखंडी सळ्या, कोठे केबल, कोठे बाभळीची खोडे आहेत, हे त्याशिवाय कळणार नाही. हिवाळ्यात वरून पाहून काढलेला कोणताही नकाशा अंदाजच असतो.

दुसरे असे की, त्या पाण्यात मासेमारीचे जाळे लागते का, ते विचारा. नायलॉनचे तंगूस जाळे पाण्यात दिसत नाही. मासा वर्षानुवर्षे त्यात फसतो तो काय मूर्ख म्हणून नव्हे. सिलिंडरच्या मानेत किंवा फ्लिपरच्या पट्ट्यात ते अडकले की मागे हात पोहोचत नाही. तुटून तळाशी राहिलेली जाळी तर कोणाच्याच हिशेबात नसते. गावातला जो ढिवर त्या पाण्यात डोंगा घालतो, त्याला पंचायतीने सभेला बोलवावे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

सुरुंगवाला

मी आयुष्यभर खाणींत नोकरी केली असून आता निवृत्त आहे. पाण्याखालचे मला ठाऊक नाही, पण खदानीच्या भिंतीबद्दल सांगतो. सुरुंगाने फोडलेल्या दगडाला दिसणाऱ्या भेगांपेक्षा न दिसणाऱ्या भेगा जास्त असतात, आणि पावसाळ्यात त्यांत पाणी मुरून दगड सैल होतात. पावसानंतरचे काही महिने धोंडे सुटण्याचे असतात, आणि शिबिर नेमके तेव्हाच आहे. उभ्या भिंतीखाली कोणालाही उभे करू नये, पोहवू नये, भिंतीच्या कडेला गाडीही लावू नये.

कधीकधी भोकात भरलेला सुरुंग उडत नाही आणि तसाच राहतो, त्याला आम्ही मिसफायर म्हणतो. बंद खदानीच्या तळाशी असे काही उरले नसेल याची हमी कोण देणार? जुन्या खनिपट्टाधारकाचा शोध घ्या आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयाकडून त्या जागेची सद्यःस्थिती लेखी मागवा. जमीन महसूल विभागाची असेल तर पंचायतीचा एकटा दाखला तसाही पुरणार नाही. उद्या काही झाले तर सगळे काखा वर करतील आणि सही तुमची राहील.

रोजगारवादी

सगळे मिळून धंदा सुरू होण्याआधीच त्याला मूठमाती देत आहात. याच खदानीत गावची पोरे वरून उड्या मारतात, तळाचा दगड काढून आणतात, कोणाला काही झालेले नाही. तेथे प्रशिक्षक असेल, सामान असेल, तरी भीती कसली? विदर्भात समुद्र नाही म्हणून आम्ही काहीच करू नये काय?

खोलपाणी

रोजगारवादी भाऊ, रोजगाराचा मुद्दा मला मान्य आहे, पण तुमचे उदाहरण येथे लागू होत नाही. उडी मारणारा मुलगा पाण्यावरची हवा छातीत भरून जातो. खाली ती हवा दबते आणि वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते, त्यापेक्षा जास्त होत नाही. स्कूबा करणारा मात्र खालच्या दाबाची हवा खालीच घेतो. दहा मीटरवर सहा लिटर हवेने भरलेली छाती, श्वास रोखून वर आल्यास, पृष्ठभागावर बारा लिटर मागते. छातीत तेवढी जागा नसते, म्हणून फुप्फुस फाटते आणि हवेचा बुडबुडा रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. पूर्ण भरलेली छाती घेऊन श्वास रोखला तर सव्वा-दीड मीटरवरून वर येणेही पुरते. सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो, म्हणून ‘उथळ आहे, काही होत नाही’ हे म्हणणे स्कूबाला लागू नाही.

गंमत अशी की, जो चांगला पोहतो त्याला पाण्यात श्वास रोखण्याचीच सवय असते. घाबरला की तो तेच करतो. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना शिकवताना मला अधिक सावध राहावे लागते.

प्रशिक्षक असणे आवश्यकच आहे, पण त्याचे प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे का आणि एका वेळी तो किती जणांना पाण्यात नेणार, हे कागदावर घ्या. अगदी पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी, अनोळखी आणि गढूळ होऊ शकणाऱ्या पाण्यात, मी एका प्रशिक्षकामागे एकच माणूस नेईन. हवा कोठून भरणार तेही विचारा. श्वसनाची हवा भरणारा कॉम्प्रेसर वेगळा असतो. पंक्चरच्या दुकानातला किंवा कारखान्यातला चालत नाही. इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी गेला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये भरला जातो, आणि त्याला वास नसतो. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या तपासणीची, तारीख कोरलेली असते, ती वाचा.

हौशी_पवनी

मग खदानीचा नाद सोडून शिबिर गोसीखुर्द धरणावर का घेऊ नये? पाणी अफाट आहे, बोटी आधीच चालतात.

ढिवरटोली

अफाट आहे म्हणूनच नको. बुडीत क्षेत्रात झाडे आणि जुन्या घरांचे अवशेष पाण्याखाली आहेत, आणि नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत जे आणून टाकते ते शेवटी तेथेच येऊन साचते. हात पाण्यात घातला तर कोपराखालचे दिसत नाही.

खोलपाणी

त्यात धरणाच्या दारांची भर घाला. दार किंवा मोरी थोडीशी उघडी असली तरी पाण्याखाली तिची ओढ वरून दिसत नाही. दहा मीटर पाण्याच्या दाबाखाली फूटभर लांब, फूटभर रुंद भोकाशी माणूस चिकटला तर त्याच्यावर सुमारे ९०० किलोचा जोर पडतो. त्याला चार माणसे ओढून काढू शकत नाहीत. मामा तलावाचे तुडूम (पाणी सोडण्याचे दार) लहान असते, पण तत्त्व तेच. तोतलाडोह जलाशयाचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो पेंच राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे मगरी आहेत. लोणारबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो की ते पाणी तीव्र अल्कधर्मी आहे आणि तो परिसर अभयारण्य आहे.

पीएचसी_डॉक्टर

सगळी चर्चा जागेबद्दल चालली आहे. मी माणसाबद्दल थोडे सांगते, कारण तीच जागा एकासाठी ठीक आणि दुसऱ्यासाठी घातक असू शकते. दमा, मिरगी, हृदयविकार, कानाचा पडदा फाटलेला असणे, छातीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी उतरू नये, कारण नाक-कानाची नळी बंद असेल तर पहिल्या दोन मीटरांतच कान ठणकू लागतो आणि जोर करून खाली गेल्यास पडदा फाटू शकतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे, जी शहरातून आलेल्या आयोजकाच्या फॉर्मवर बहुधा नसेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्याचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याने स्कूबा करू नये. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि ऑक्सिजन कमी पडणे या तिन्ही गोष्टी त्याचा त्रास उसळवतात. एएस म्हणजे वाहक असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे आणि अतिश्रम टाळावेत. अनेक मुलांची शाळेत तपासणी झालेली असते, पण निकाल घरी कोणाला आठवत नाही. तो कागद शोधायला सांगा, नसेल तर तपासणी पुन्हा करून घ्या.

शिबिराच्या ठिकाणी ऑक्सिजनचे किट आणि ते वापरता येणारा माणूस असला पाहिजे, आणि १०८ ची रुग्णवाहिका पाण्याच्या काठापर्यंत पोहोचली पाहिजे. त्या जुन्या टिप्पर रस्त्यावर आज बाभळी वाढल्या असतील, तर त्या आधी तोडा.

चुलबंदकाठ

सर्वांचे आभार. रविवारी गावातील एका ढिवर काकांच्या डोंग्यातून आम्ही मोजणी केली. टिप्परच्या उताराकडे खोली हळूहळू वाढत चार मीटरपर्यंत जाते, आणि मग एकाच वल्ह्याच्या अंतरावर दोरी थेट सतराव्या गाठीपर्यंत गेली. काकांनी दोरी वर ओढली तेव्हा दगडाला राखाडी चिखलाचा जाड थर होता, आणि तो दगड हाताला एकदम गार लागत होता. पांढरी ताटली उताराकडे चौथ्या गाठीला, तर गुरे उतरतात त्या कोपऱ्यात दुसऱ्याच गाठीला दिसेनाशी झाली. बाकी तिन्ही बाजूंना उभी भिंत आहे, म्हणजे पाण्याबाहेर येण्याची वाट एकच आहे.

ही आकडेवारी मी आयोजकांना फोनवर सांगितली आणि चार मीटरच्या कडेला दोरखंड लावून शिबिरार्थींना अडवणार का, असे विचारले. ‘आमचे लोक अनुभवी आहेत’ एवढेच उत्तर आले. खोली त्यांनी मोजलेली नव्हती.

सभेत यंदा दाखला न देण्याचे ठरले. मात्र नुसता नकार न देता आम्ही अटी लिहून पाठवल्या आहेत: खनिकर्म कार्यालयाचे पत्र, मे महिन्यातील पाहणी, उताराच्या कडेवर दोरखंड व मंच, एकाला एक प्रशिक्षक, ऑक्सिजन, वैद्यकीय फॉर्मवर सिकलसेलचा रकाना, आणि पहिले धडे जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोहण्याच्या तलावात. रोजगारवादी भाऊ आमच्याच तालुक्यातले निघाले. रस्त्यावरच्या बाभळी तोडण्याचे काम त्यांच्या मंडळाने घेतले आहे.

आता तारकर्लीचे सांगा. मुलांचे जाणे पक्के आहे.

मालवणची_माहेरवाशीण

मी मालवणची, सासर वर्धा जिल्ह्यात आहे. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि मालवणात खासगी व्यावसायिकही बरेच आहेत, त्यामुळे सोय होईल. पण ‘मालवण सुरक्षित आहे’ असे कोणी सांगितले तर ‘कोणत्या दिवशी?’ असे विचारावे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाण्याची ओढ जास्त असते आणि वाळू उठून पाणी गढूळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी असते. नवख्यांनी जमले तर तेच दिवस धरावेत आणि सकाळची वेळ घ्यावी, कारण दुपारनंतर वारा वाढतो. पावसाळ्यानंतर पाणी निवळायला वेळ लागतो. दिवाळीनंतर जाणार आहात ते बरेच आहे.

बोट नांगरल्यावर एक सोपी परीक्षा करता येते. पुढच्या टोकाशी पाण्यात झाडाचे पान सोडा आणि ते मागच्या टोकाशी किती वेळात पोहोचते ते पाहा. दहा मीटरच्या बोटीला चाळीस सेकंद लागले तर प्रवाह ताशी सुमारे एक किलोमीटर आहे, आणि नवखा माणूस त्याविरुद्ध फार वेळ टिकत नाही. त्याहून लवकर पोहोचले तर उतरू नये.

पाण्याखालीच धोका असतो असे समजू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. म्हणून बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर असावे, फोटोसाठीही काढू नये. समुद्र खवळलेला असेल तर तुमचे पैसे परत करून ‘आज नको’ म्हणणारा व्यावसायिक निवडा. फोनवर आधीच विचारा की हवामानामुळे रद्द झाले तर पैसे परत मिळतात का. जो परत करत नाही, त्याला तुम्हाला उतरवण्याची घाई असणारच.

चुलबंदकाठ

फार उपयोगी माहिती दिलीत, ताई. मुलांनी सकाळी डाइव्ह करून त्याच दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूरची गाडी धरायची आणि तेथून नागपूरची बस पकडायची असे ठरवले आहे. दोघे जण गोव्याहून विमानाने परतणार आहेत. यात काही अडचण?

खोलपाणी

आहे. पाण्याखाली घेतलेला नायट्रोजन अंगातून हळूहळू निघतो, आणि तेवढ्यात उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठीचा प्रचलित नियम एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास थांबण्याचा आहे. हा नियम ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरून केलेला आहे आणि आंबोली जवळपास ६९० मीटरवर आहे. सहा-सात मीटरवरच्या वीस मिनिटांच्या डाइव्हनंतर घाटात काही होण्याची शक्यता फार कमी आहे, पण मुक्काम एक रात्र वाढवून प्रश्नच मिटत असेल तर तो का ओढवून घ्यावा? डाइव्ह पहिल्या दिवशी सकाळी करा, दुसऱ्या दिवशी किल्ला पाहा आणि संध्याकाळी निघा. परतीच्या वाटेवर कोणाला सांधेदुखी, मुंग्या येणे किंवा चक्कर असा त्रास झाला तर त्या दवाखान्यात ‘काल स्कूबा केले होते’ हे पहिल्या वाक्यात सांगायला लावा; आपल्या भागातल्या डॉक्टरांच्या मनात ते आपणहून येणार नाही.

चुलबंदकाठ

मुलांनी मुक्काम एक दिवस वाढवला आहे आणि बसचे आरक्षण दुसऱ्या रात्रीचे करून घेतले आहे. विमानाने येणाऱ्या दोघांचे तिकीट तिसऱ्या दिवशीचेच होते. अष्टमी पंचांगात पाहून तारीखही दोन दिवस पुढे सरकवली.